फुलपाखरांची उमेदवारी

गेल्या उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर काही पालक आमच्याकडे एक विनंती घेऊन आले. आपल्या पाल्यास एखाद्या प्राणिसंग्रहालयात फुलपाखरांच्या संवर्धनाच्या कामावर, हल्ली जिला 'इंटर्नशिप' म्हणतात त्या उमेदवारीवर, पंधरा दिवस घेतले जावे, व शाळेने त्याकरिता शिफारसपत्र द्यावे, अशी ती विनंती होती. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका पालकांनी आम्हांस विचारले की, फुलपाखरांमागे धावून शालान्त परीक्षेतील गुण वाढतात काय? हे दोन्ही पक्ष परस्परविरुद्ध दिसतात खरे, पण त्यांच्या मुळाशी समजूत एकच आहे. उमेदवारी म्हणजे एक प्रमाणपत्र. उपयोगी पडणार असेल तर मिळवावे, नसेल तर सोडून द्यावे. ही समजूत आम्हांस मान्य नाही.

उमेदवारी हा शब्द आपल्याकडे जुना आहे. सुताराच्या हाताखाली मुलगा राही, तेव्हा आरंभी बरेच दिवस तो भुसा झाडी आणि लाकूड ओळखावयास शिके. रंधा त्याच्या हाती मागाहून येई. फुलपाखरांच्या कामातही पहिला धडा पाखराचा नव्हे, पानाचा आहे. लिंबावरील फुलपाखराची मादी कढीलिंबाच्या, लिंबाच्या किंवा बेलाच्या कोवळ्या पानावर अंडे घालते. त्यातून काही दिवसांनी निघणारी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते, आणि डिवचल्यास डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. पुढे कोष. अंड्यापासून पंखांपर्यंत सुमारे एक महिना लागतो. पंधरा दिवसांत परतणारा उमेदवार ह्या कथेचा अर्धाच भाग पाहून घरी येणार हे उघड आहे.

येथे एक कबुली देणे भाग आहे. ईस्टरच्या उपासनेत कोषाचा दाखला आम्ही कित्येक वर्षे दिला, परंतु कोष फुटताना आम्ही स्वतः पाहिला तो चाळिशी उलटल्यावर. पंख ओले व चुरगळलेले असतात, आणि ते पसरून वाळेपर्यंत ते पाखरू तसेच लटकून राहते. ते पाहिल्यापासून तो दाखला देण्याची आम्हांस थोडी भीती वाटू लागली आहे.

जीवाविषयी नुसती दया असून भागत नाही, ह्याचे उदाहरण इंग्लंडात घडले. तेथे 'लार्ज ब्लू' नावाचे निळे फुलपाखरू दिवसेंदिवस दुर्मिळ होऊ लागले. जाळी घेऊन फिरणाऱ्या संग्राहकांवर लोकांचा संशय गेला, आणि त्याच्या जागेभोवती कुंपण घालून ती राखण्यात आली. तरी पाखरे कमीच होत गेली. १९७०च्या दशकात जेरेमी थॉमस ह्या संशोधकाने कित्येक उन्हाळे त्या उतारांवर बसून निरीक्षण केले, तेव्हा कारण उलगडले. ह्या फुलपाखराची अळी आरंभी रानटी ओव्याच्या जातीच्या एका झुडपावर वाढते, मग जमिनीवर उतरते; लाल मुंग्या तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेतात, आणि ती तेथे त्यांचीच पिल्ले खाऊन मोठी होते. परंतु तिला मानवणारी मुंगीची जात मुख्यत्वे एकच, आणि त्या मुंगीस उन्हाने तापणारी, आखूड गवताची जमीन हवी. कुंपणामुळे गुरे बाहेर राहिली. सशांमध्ये साथ येऊन तेही मेले. गवत वाढले, जमीन गार झाली, आणि मुंगी निघून गेली. हे कळेपर्यंत उशीर झाला होता. १९७९ साली ते फुलपाखरू ब्रिटनमधून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. पुढे १९८३पासून स्वीडनमधील वाण आणून, गुरे पुन्हा चारून, ते तेथे परत वसविण्यात आले. ज्यांनी कुंपण घातले ते दुष्ट नव्हते. त्यांनी पुरेसे पाहिले नव्हते, इतकेच.

प्राणिसंग्रहालयांस आमचा विरोध नाही. अमेरिकेतील ऑरेगन येथील प्राणिसंग्रहालय एका दुर्मिळ फुलपाखराच्या अळ्या व्हायोलेटची पाने घालून वाढविते, आणि त्या समुद्रकाठच्या माळांवर नेऊन सोडते. बंगळुरूजवळ बन्नेरघट्टा येथे २००६ साली फुलपाखरांचे उद्यान उघडले. अशा ठिकाणी शिस्तीने काम करावयास मिळाले तर मुलाचे कल्याणच होईल. परंतु आपल्या जिल्ह्यातच, ठाण्याजवळ घोडबंदर रस्त्यावर, राजेंद्र ओवळेकर ह्या शिक्षकाने आपल्या दोन एकर शेतात अळ्यांना लागणारी झाडे लावली, आणि शंभरांहून अधिक जातींची फुलपाखरे तेथे येऊ लागली. तेथे पिंजरा नाही, काचघर नाही. भारतातील फुलपाखरांवरचा जो ग्रंथ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५७ साली प्रसिद्ध केला, त्याचे कर्ते विंटर-ब्लाइथ हेही शाळामास्तरच होते. ह्यात आमच्या पेशाचा थोडा अभिमान आहे, तो वाचकांनी क्षमा करावा.

आता सोनिवलीकडे येऊ. उल्हास नदीच्या ह्या परिसरात जेथे काल गवत होते तेथे आज इमारतीचा पाया खणला जातो. घरे लोकांस हवीतच. आमच्या अनेक विद्यार्थ्यांची घरेही अशाच इमारतींत आहेत. पण बांधावरची रुई, पावसाळ्याच्या आरंभी ज्याची भाजी आपण खातो तो टाकळा, कढीलिंब, ही झाडे कोणी मुद्दाम राखली नाहीत तर त्यांच्यावरची अळी कोठे जाणार? महाराष्ट्राने २०१५ साली नीलवंतास राज्य-फुलपाखराचा मान दिला, आणि असा मान देणारे हे देशातील पहिले राज्य. त्याची अळीही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते, आणि त्या झाडाचे पान कुरतडलेले दिसताच आपण औषध फवारतो!

दुसऱ्याकडे बोट का दाखवावे? दोन वर्षांमागे स्नेहसंमेलनाच्या आधी, पाहुण्यांस आवार स्वच्छ दिसावे म्हणून, भिंतीलगतची रुई आम्हीच तोडावयास सांगितली. दुपारी सातवीतील एक मुलगी तुटलेली फांदी घेऊन आली. तीवर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या पाच अळ्या होत्या. "सर, आता ह्यांना कुठे ठेवू?" तिने विचारले. रुईचा विषारी चीक पचवून पक्ष्यांपासून स्वतःचा बचाव करणारी ही अळी आम्ही वर्गात फळ्यावर काढून शिकविली होती. त्या दिवशी मात्र शाळेच्या आवारात रुईचे एकही पान उरले नव्हते. मुलीने त्या घरी नेल्या. रेल्वेरुळाजवळून पाने आणून तिने तीन वाचविल्या.

तोडलेल्या बुंध्यास पुन्हा फूट आली आहे, आणि आता तिला कोयता लावावयाचा नाही असे आम्ही माळ्यास बजावले आहे. ज्यांस शिफारसपत्र हवे असेल त्यांनी जूनच्या पहिल्या शनिवारी फावडे घेऊन त्या भिंतीपाशी यावे. प्रत्येकास एक झाड व एक वही मिळेल. किती पाने खाल्ली गेली, अंडी कोणत्या बाजूस सापडली, किती अळ्या पक्ष्यांनी नेल्या, हे दसऱ्यापर्यंत रोज लिहावयाचे आहे; रविवारीही झाड तेथेच असते, हे ध्यानात असावे. दसऱ्यानंतर ती वही पाहून आम्ही पत्र आनंदाने लिहून देऊ. पहिली वही त्या मुलीची आहे. ती आता नववीत असून तिने अद्याप पत्र मागितलेले नाही.