डिलिव्हरीच्या पोराला कुत्रा चावला, बिल कोणी भरायचं?



आज जीएसटी नाही, मार्केटिंग नाही. आज कुत्र्यांबद्दल बोलायचंय. हसू नका, हा धंद्याचाच विषय आहे.

ऑगस्ट २०२२ मधली पनवेलची क्लिप आठवते? एका मोठ्या सोसायटीत फूड डिलिव्हरी करणारा तरुण लिफ्टमधून बाहेर पडत होता. दारात एक रहिवासी आपला जर्मन शेफर्ड घेऊन उभे. कुत्र्याने झडप घातली आणि थेट त्याच्या गुप्तांगाला चावा घेतला. सीसीटीव्हीचा तो व्हिडिओ देशभर फिरला. त्याला हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करावं लागलं.

लोकांनी चर्चा काय केली? कुत्रा कोणत्या जातीचा, पट्टा होता की नव्हता, सोसायटीने कुत्र्यांवर बंदी घालावी की नाही. त्या पोराचा रोज बुडाला त्याचं काय, हे फार कमी लोकांनी विचारलं. आपण धंदेवाले आहोत, आपण तरी विचारू या.

आधी कायदा काय म्हणतो ते बघा. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम २८९ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, आता तेच कलम २९१ झालंय. साध्या भाषेत अर्थ असा: तुमच्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ शकत असेल आणि तुम्ही जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्वी दंड एक हजार होता. निष्काळजीपणाने दुसऱ्याला इजा केल्याचं कलम १२५ सोबत लागू शकतं, ते वेगळं. दिवाणी नुकसानभरपाईचा दावा हा आणखी वेगळा.

यातला ‘ताब्यातल्या’ हा शब्द अधोरेखित करून ठेवा. कायदा ‘मालकीच्या’ म्हणत नाही. त्यावर पुढे येतो.

‘पाच हजार दंड ना, भरू की!’ असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी मुंबईच्या दोन केसेस सांगतो. पहिली नेपियन सी रोडची. २०१० साली दोन नातेवाइकांत मालमत्तेवरून गाडीजवळ बाचाबाची सुरू होती. गाडीत रॉटवायलर. समोरचे गृहस्थ वयस्कर, ते म्हणाले दार उघडू नका. मालकाने उघडलं, कुत्रा चावला. निकाल लागला जानेवारी २०२३ मध्ये. मालक व्यावसायिक होता, शिक्षा सुनावली तीन महिने कैद. म्हणजे जवळजवळ तेरा वर्षं वकील आणि तारखा. दुकान सोडून कोर्टाच्या बाकावर बसायचं, या वेळेचा हिशोब कोणत्या बॅलन्स शीटमध्ये मांडणार?

दुसरी वरळीची. फेब्रुवारी २०१८, परत लिफ्टच. आत एक गृहस्थ लहान मुलाला घेऊन उभे होते. मूल कुत्र्याला घाबरतं, जरा थांबा, असं त्यांनी सांगितलं. तरी मालक हस्कीला ओढत आत घेऊन आला आणि कुत्रा चावला. मे २०२५ मध्ये त्याला चार महिन्यांची शिक्षा सुनावली गेली.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. समोरचा माणूस थांबा म्हणाला होता. ‘आमचा काही करत नाही हो, फक्त हुंगतो’ हे वाक्य प्रत्येक कुत्रेवाल्याच्या तोंडात असतं. माझ्या मते या वाक्याने तुमचा बचाव होत नाही. समोरच्याने भीती सांगितली, तुम्ही ती उडवून लावलीत, याचाच तो पुरावा. आणि जातीचं म्हणाल, तर मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस ‘धोकादायक’ जातींची यादी राज्यांना पाठवली होती (पुढे ती कोर्टात अडकली). त्यात जर्मन शेफर्ड नव्हताच. तेव्हा यादीच्या भरवशावर राहू नका.

आता तुमच्याकडे येतो. ऐरोली, कोपरखैरणे, कामोठे, खारघरमध्ये आज घराघरातून धंदे चालतात. टिफिन, केक, ब्लाउज शिवणं, क्लासेस. माझं स्पष्ट मत आहे: घरातून धंदा सुरू झाला की हॉल हे दुकान झालं. गिऱ्हाईक तुमच्या बोलावण्यावरून आत येतं. धंद्याच्या वेळेत कुत्रा आतल्या खोलीत, दार बंद. रेबीजच्या लसीचं कार्ड अपडेट, महापालिकेचा परवाना काढलेला. तुर्भे-तळोज्याला गाळा असेल आणि राखणीला कुत्रा असेल, तर माल उतरवायला येणाऱ्या हमालाला तो माहीत नसतो, हे लक्षात ठेवा. ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी लावा जरूर, पण पाटी म्हणजे साखळी नव्हे.

आणि ज्यांची पोरं दारोदार माल पोचवतात, त्यांनी हे जास्त नीट वाचा. कामावर असताना, कामामुळे झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून आहे. ‘गिऱ्हाइकाचा कुत्रा चावला, मी काय करू’ म्हणून हात झटकता येतीलच असं नाही. शिवाय पोरगा तक्रार करत नाही. त्याला वाटतं गिऱ्हाईक तुटेल, शेठ ओरडेल. मग हळद लावून दुसऱ्या दिवशी परत सायकलवर! रेबीज एकदा उमटला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यामुळे जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी किंवा मनपा रुग्णालयात न्यायचं. इंजेक्शनचे डोस साधारण महिनाभर चालतात, त्या तारखा तुमच्या कॅलेंडरवर लिहा, त्याच्या भरवशावर सोडू नका. जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. त्या दिवसांचा पगार कापू नका. गिऱ्हाइकाला फोन करून खर्च मागायचा तो तुम्ही, आणि गरज पडली तर पोलीस स्टेशनला त्याच्यासोबत जायचं तेही तुम्ही. एक गिऱ्हाईक जाईल. जाऊ दे!

आता तो ‘ताब्यातल्या’ शब्द. नवी मुंबईत पेट बोर्डिंग, ग्रूमिंग, कुत्रे फिरवून आणणं हे धंदे जोरात आहेत. मला परवाच एका ताईंनी विचारलं, ‘सर, घरीच दोन-तीन कुत्रे सांभाळायला घेते, सुट्टीत चांगले पैसे मिळतात, रिस्क काय?’ ताई, कुत्रा तुमच्याकडे आहे तोवर तो तुमच्या ताब्यात आहे. पामबीचला फिरवताना कोणाला चावला तर पहिला प्रश्न तुम्हाला विचारला जाईल, मालक दुबईत असेल.

म्हणून घेतानाच एका कागदावर लिहून घ्या: लस कधी दिली, आधी कोणाला चावलाय का, कशाला बिथरतो, अडचण आली तर फोन कोणाला करायचा. खाली मालकाची सही. काही विमा कंपन्यांच्या पेट पॉलिसीत तिसऱ्या माणसाला झालेल्या इजेचं कव्हर मिळतं. पॉलिसी मालकाच्या नावावर असेल तर तुमच्याकडे असताना ते लागू आहे का, हे लेखी विचारा. विमा पैसे भरेल, शिक्षा भोगायला येणार नाही. आणि जो मालक ‘चावलाय का’ या प्रश्नावर चिडतो, त्याचा कुत्रा घेऊ नका.