न्हाणीघरातील गीझर

थंडी पडू लागली की बेळगाव-खानापूरच्या बाजूस पहाटेच्या आंघोळीला कढत पाण्यावाचून भागत नाही. एके काळी ते काम तांब्याचा बंब करीत असे. आता कित्येक घरांतून बंब माळ्यावर गेला आहे आणि न्हाणीघराच्या भिंतीवर गॅसचा गीझर आला आहे. बंबासाठी हळहळण्याचा आमचा हेतू नाही. लाकडे फोडण्याचे आणि धुराने डोळे चोळण्याचे कष्ट ज्या गृहिणींनी काढले, त्यांना गीझरचे सुख कोणी सांगावयास नको. परंतु बंब परसात किंवा पडवीत पेटत असे. जुन्या न्हाणीघरास वर कौलांच्या फटी, खाली मोरीचे तोंड. वारा खेळता राही. आजचे न्हाणीघर चार फूट रुंद, सहा फूट लांब, छतापर्यंत फरशा लावलेले. खिडकी काचेची, आणि थंडी वाजते म्हणून तीही बंद. अशा खोलीत आपण विस्तव पेटवतो हे ध्यानातच येत नाही, कारण तो विस्तव पत्र्याच्या पेटीत दडलेला असतो.

विस्तवास हवा लागते. सिलिंडरमधील १ घनफूट वायू नीट जळावयास सुमारे २४ ते ३० घनफूट हवा खर्ची पडते. उंची आठ फूट धरली तरी त्या न्हाणीघरात अवघी १९२ घनफूट हवा असते, आणि तीतच माणूसही श्वास घेतो. हवा अपुरी पडली की ज्योत अर्धवट जळते व कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू उत्पन्न होतो.

येथेच मोठा घोटाळा आहे. गॅस गळला तर वास येईलच, या भरवशावर आपण असतो. तो वास मूळ वायूचा नव्हे. गळती कळावी म्हणून कंपनी तो मुद्दाम मिसळते, आणि तो ज्योतीबरोबर जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. डोळ्यांना चुरचुरही नाही. रक्तातील ज्या द्रव्याला प्राणवायू चिकटतो, त्याच द्रव्याला हा वायू २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते. कडी काढावी असे मनात येते, पण हात उचलत नाही. बाहेरच्यांना वाटते, पोरगी आज फार वेळ लावते आहे. न्हाणीघरात पडलेल्या कित्येकांस फेफरे आले असे समजून उपचार झाले आहेत; डॉक्टरांनी या प्रकारास ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे.

म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत, पावसाच्या आडोशास लावावा आणि गरम पाणी तेवढे नळीने आत घ्यावे. आधीच आत बसविला असेल तर तो हलविण्याचा खर्च यंदाच करावा. तोपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भराव्यात, गीझर बंद करावा आणि मगच आंघोळीस बसावे. मुलांनी व वृद्धांनी आतून कडी लावू नये.

बाहेर लावलेल्या यंत्राकडेही पाहावे लागतेच. ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसू लागली किंवा वर काजळी धरू लागली, तर बर्नर तुंबला असे समजावे व गीझर बंद ठेवून कारागीर बोलवावा. त्या बारीक छिद्रांत कोळी जाळे विणतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते! कूपनलिकेचे जड पाणी असेल तर आतल्या तांब्याच्या नळीत क्षार साचतात. एरवीही वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, यंत्र उघडून साफ करवावे. रबरी नळीवर छापलेली मुदत वाचावी. नळी कडक झाली वा तिला चीर पडली, तर मुदतीची वाट पाहू नये. सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती पाहणारे शूर अजूनही आढळतात, त्यांना आवरावे. गळतीसाठी १९०६ हा दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो.

कोणी आत कोसळलेच तर दार तोडावे, त्यास ओढत उघड्यावर आणावे, सिलिंडर बंद करावा व १०८ ला कळवावे. डॉक्टरांना गीझरची गोष्ट आवर्जून सांगावी. २०२० च्या साथीपासून बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर घरोघरी आहे. पण या विषबाधेत ते फसते, प्राणवायू पुरेसा आहे असा आकडा दाखविते. त्यावर विसंबून रोग्यास घरी निजवू नये.

नाताळात पाहुण्यांनी घर भरते आणि एकामागून एक दहा आंघोळी होतात. आतल्या गीझरचा धोका त्या दिवशी सर्वांत मोठा, कारण पहिल्याच्या आंघोळीत साठलेला वायू पाचव्याच्या आंघोळीपर्यंत तेथेच असतो. त्या सकाळी परसातल्या चुलीवर मोठे हंडे चढवावेत.