पळसमैना जाते तेव्हा

उत्तरेकडील देशांत मार्च-एप्रिलमध्ये ज्या पक्ष्यांच्या परतण्याची वाट पाहिली जाते, त्यांपैकी अनेकांच्या मुक्कामाचे अखेरचे आठवडे त्याच सुमारास वऱ्हाडातील तलावांवर आणि शिवारांत सरत असतात, आणि म्हणून अकोल्यातील वसंतकालीन पक्षिनिरीक्षण हे मुख्यतः निघून जाणाऱ्यांची नोंद ठेवण्याचे काम ठरते.

अकोला शहराला पाणी पुरवणाऱ्या महान येथील काटेपूर्णा जलाशयाची पातळी माघ-फाल्गुनात उतरू लागते, काठाचा गाळ उघडा पडतो आणि त्या उथळ पाण्यात फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, टोकदार शेपटीचा तलवार बदक आणि केशरी अंगाचा चक्रवाक यांसारखे हिवाळी पाहुणे शोधता येतात. जलाशयालगतच्या वनाला 1988 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला.

या ऋतूचा खरा मानकरी मात्र पळसमैना हा पक्षी होय, ज्याला भोरडी असेही म्हणतात. पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशात वीण करणारा हा पक्षी भारतात हिवाळा घालवतो, थव्याने ज्वारीवर उतरतो आणि शेतकऱ्याला गोफण हाती घ्यायला लावतो. तिकडे मायदेशी तोच टोळांचा फडशा पाडतो म्हणून पिकांचा रक्षक मानला जातो. होळीच्या सुमारास पळस फुलला की थवे त्यातील मधुरसासाठी झाडांवर लोटतात, आणि मराठी नावात नेमके हेच निरीक्षण साठवलेले आहे. याच काळात पिसांची फिकट टोके झिजून खालचा गुलाबी व काळा रंग उजळतो, म्हणजे पक्षी सर्वांत देखणा दिसू लागतो तो निघण्याच्या तोंडावर. सोयाबीनने ज्वारीचे क्षेत्र बरेच घटवले असताना या थव्यांच्या मुक्कामात काही फरक पडतो का, हा प्रश्न वऱ्हाडात जाणीवपूर्वक विचारला जायला हवा.

महाराष्ट्रात पक्षी सप्ताह 5 ते 12 नोव्हेंबर या काळात, म्हणजे ‘पक्षिकोश’कार मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून सालिम अली यांच्या जन्मदिनापर्यंत, साजरा होतो, तो पक्षी येण्याचा हंगाम आहे आणि निरोपाच्या हंगामाला असा आठवडा नाही. वास्तविक अवघड नोंद हीच, कारण पक्षी प्रथम दिसला ही गोष्ट त्याच दिवशी कळते, पण तो शेवटचा कधी दिसला हे त्यानंतरच्या कित्येक रिकाम्या फेऱ्यांनंतरच ठरते. ज्या कुटुंबांचे आप्त अकोला परिसरात राहतात, त्यांनी फाल्गुन-चैत्रातील दूरध्वनीवर एवढी एक विनंती अवश्य करावी: गावाजवळच्या एकाच पळसाकडे किंवा एकाच तलावाच्या पाळीवर दर आठवड्याला जावे, दिसले ते तारखेसह वहीत टिपावे, आणि थवा गेल्यावरही महिनाभर जात राहून त्या त्या तारखेपुढे ‘एकही नाही’ असे लिहावे.