दिवाणातले तळे

मराठी शिकवणाऱ्या माणसाला कमळाची ओळख करून द्यावी लागत नाही, असा माझा वीस वर्षे समज होता. पंकज, सरोज, राजीव, अरविंद, नलिनी, पुंडरीक ही नावे मी दर वर्षी फळ्यावर ओळीने लिहीत आलो. पूर्वी ती लिहिताना वर्गातला एखादा अरविंद नाही तर एखादी सरोज लाजून मान खाली घालीत असे. हल्ली ही नावे मुलांच्या आजी-आजोबांची झाली आहेत. प्रत्यक्ष फूल मात्र मी पाहत असे ते लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मंडईत. मिटलेल्या कळ्या, बादलीत बुडवलेले देठ, आणि भाव ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी उडवलेल्या भुवया! एवढ्यावर माझे कमळज्ञान संपत होते.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी एका रोपवाटिकेतून कमळ विकत आणले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत प्लास्टिकच्या टबात लावले. आल्या-गेल्याला मी ते दाखवीत असे. असेच एकदा, प्रबंधाचे प्रकरण घेऊन आलेल्या माझ्या विद्यार्थिनीलाही दाखवले. ती गोंदियाकडची. भंडारा-गोंदिया म्हणजे तळ्यांचा मुलूख. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तिथले तलाव आज मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. भाताला पाणी, मासे, शिंगाडे, सगळे त्यांतूनच. तिने टबाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि गुरूचा मान राखून हळूच म्हणाली, "सर, ही कुमुदिनी आहे. कमळ नाही."

मग तिने मला पाच मिनिटांत जे शिकवले, ते मी वीस वर्षांत वर्गात शिकवले नव्हते. कुमुदिनीचे पान पाण्यावर तरंगते आणि देठापर्यंत चिरलेले असते. कमळाचे पान अखंड वाटोळे, त्याचा देठ बरोबर मधोमध, आणि मोठी पाने पाण्याच्या वर हातभर उभी राहतात. कवींना प्रिय असलेला तो पानावरचा न चिकटणारा थेंब कमळाच्याच पानावर घरंगळतो; त्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे मेणचट उंचवटे असतात. आमच्या काव्यात कुमुद चंद्र पाहून उमलते. आपली पांढरी आणि लाल देशी कुमुदे खरोखरच रात्री उमलतात, पण माझी होती निळी, आणि ती सकाळी उमलून दुपार सरताना मिटते. म्हणजे मी कमळ म्हणून कुमुद आणले होते, आणि कुमुदही चंद्राशी फारसे सख्य नसलेले!

हे झाले अज्ञान. त्याला हसून सोडून देता येते. त्याच टबाच्या बाबतीत माझे दुसरे एक अज्ञान होते, त्याला मला अजून हसता येत नाही.

टबात मी दोन सोनेरी मासे सोडले होते. नळाचे पाणी भरले आणि लगेच मासे सोडले. दुसऱ्या दिवशी दोन्ही पोट वर करून तरंगत होते. पाण्यातल्या क्लोरिनचा हा प्रताप. पाणी एक-दोन दिवस उघडे ठेवून मग मासे सोडायचे असतात, हे मला कोणी सांगितले नाही आणि मी कोणाला विचारले नाही. पुन्हा माशांच्या फंदात पडायचे नाही असे मी ठरवले. सौ. म्हणाली, "अहो, डास होतील." मी म्हटले, "डास घाण पाण्यात होतात. हे पाणी बघ, तळ दिसतो!"

डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस, नेमका अशाच पाण्याच्या शोधात असतो. साठलेले, स्थिर, स्वच्छ. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास तो आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत उरकतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी तापाने आजारी पडली. तिसरीत होती. रुग्णालयात आठ दिवस रोज तिच्या प्लेटलेट्स मोजत होते. आम्ही डबा देत होतो, धीर देत होतो. पाचव्या दिवशी पालिकेचा माणूस घरोघर पाणी तपासत आमच्याकडे आला. त्याने एका पांढऱ्या वाटीत टबातले पाणी घेतले आणि उजेडात धरले. डोके खाली करून लोंबकळणाऱ्या, धक्का लागताच वळवळत तळाशी जाणाऱ्या अळ्या मलाही दिसल्या. तो म्हणाला, "प्राध्यापक ना तुम्ही?" एवढेच.

माझ्याच टबातला डास तिला चावला, असे कोणी सिद्ध करू शकत नाही. इमारतीत कुंड्यांखालच्या थाळ्या होत्या, गच्चीत टाकून दिलेले टायर होते. हे युक्तिवाद मी स्वतःशी अनेकदा करून पाहिले. रात्री दोन वाजता ते टिकत नाहीत. मुलगी बरी होऊन आली. मी टब पालथा करून गॅलरीच्या कोपऱ्यात लावला आणि सुटलो असे समजलो. तेही खरे नव्हते. एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवून. भांडे कोरडे पडले तरी ती कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागताच त्यांतून अळ्या निघतात. भांडे नुसते रिकामे करून भागत नाही. आतून खसाखसा घासावे लागते. हे वाचनात आले त्या दिवशी मी टब काढला आणि काथ्याने हात दुखेपर्यंत घासला.

पुढची दीड वर्षे आमच्या घरी फुलदाणीतसुद्धा पाणी नव्हते.

२०२४ च्या जानेवारीत घरातला जुना दिवाण मोडला. सुतार म्हणाला, "साहेब, सांगाड्यात जीव नाही राहिला. पण फळ्या अस्सल सागाच्या आहेत, फेकू नका." त्या फळ्या भिंतीशी उभ्या केलेल्या पाहून माझ्या मनात पुन्हा पाणी भरू लागले. तीन फुटांची एक बाजू, चार फुटांची दुसरी, उंची सव्वा फूट. आत प्लास्टिकचे अस्तर घातले की झाले तळे! खणायला नको, सिमेंट नको.

सौ.चे बंधू बांधकामातले अभियंते. त्यांनी कागद घेतला. "भाऊजी, एक फूट पाणी धरले तरी तुमच्या पेटीत ३४० लिटर बसेल. म्हणजे ३४० किलो, वर माती आणि लाकूड. राहत्या घराची जमीन चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात, आणि एक फूट पाणी म्हणजे चौरस मीटरला ३०० च्या वर. त्यात तुमची पुस्तके आधीच घरात आहेत!" पाण्याला कवी तरल म्हणतात, पण अभियंत्याच्या हिशेबात ते अगदी गोण्यांसारखे असते. तेव्हा गॅलरी बाद. पेटी खाली अंगणात, पूर्वेच्या कुंपणभिंतीशी ठेवायची. तिथे पाच-सहा तास ऊनही मिळते, आणि त्याहून कमी उन्हात ही फुले धरत नाहीत.

पण अंगण सर्वांचे. म्हणजे सोसायटीच्या बैठकीत परवानगी मागणे आले, आणि त्या बैठकीला समोरच्या वहिनी येणार, हेही आले. मी उभा राहिलो आणि २०२२ मध्ये माझ्या टबात अळ्या सापडल्या होत्या, हे आधी सांगून टाकले. कोणालाच आश्चर्य वाटले नाही. सगळ्यांना माहीत होते. कोणाला माहीत नाही असे फक्त मलाच वाटत होते. सेक्रेटरींनी पाणीकपातीचा मुद्दा काढला. मग वहिनी म्हणाल्या, "ठेवा पेटी. पण दर शुक्रवारी माझी मुलगी येऊन बघेल. एक जरी अळी दिसली, तर त्याच दिवशी पाणी ओतून टाकायचे. कबूल?" मी कबूल म्हटले. त्यानंतर त्या माझ्याशी चार महिने बोलल्या नाहीत. पूर्वीही फारशा बोलत नव्हत्याच, पण मी आता मोजत होतो.

पेटी बांधताना आमच्या हातून सगळ्या चुका क्रमाने झाल्या. प्रथम ताडपत्री घातली. घडीच्या जागी ती झिरपली आणि सकाळी अंगणात ओहोळ. मग नाशिककडच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. त्यांची द्राक्षबाग आहे आणि बागेला शेततळे आहे. २०१६ मध्ये सरकारने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणल्यापासून तर असे निळे-काळे अस्तर अंथरलेले चौकोन महामार्गावरून जातानाही दिसतात. त्याच्याकडून ५०० मायक्रॉनच्या अस्तराचा उरलेला तुकडा आला. माप काढायची रीत सोपी आहे: लांबी, अधिक दोन्ही बाजूंची उंची, अधिक कडेवर दुमडायला प्रत्येकी अर्धा फूट. आमचे झाले साडेसात फूट बाय साडेसहा. हे अस्तर ताठर असते, लहान पेटीच्या कोपऱ्यात बसायला कुरकुरते. तासभर उन्हात पसरून ठेवले की शहाण्यासारखे वागते. कोपऱ्यात कात्री लावायची नाही, पाकिटासारखी घडी घालायची. खाली खिळ्यांची टोके लागू नयेत म्हणून जुनी सतरंजी. आणि कडा ठोकायच्या त्या पाणी भरल्यावर, कारण पाण्याच्या भाराने अस्तर खाली ओढले जाते. आधी ठोकली तर खिळ्याशीच फाटते. (आमची फाटली. सुदैवाने पाण्याच्या रेषेच्या वर.) कडेवरून लाकडी पट्टी मारली, म्हणजे उन्हाने प्लास्टिक पिचत नाही.

पाणी भरल्यावर चार फुटी फळी मध्यावर पोट काढू लागली. मेहुण्यांना फोन केला. एक फूट पाण्याचा त्या बाजूवर जवळजवळ ५७ किलोचा रेटा पडतो म्हणाले. शेवटी सुताराने सभोवार लोखंडी पट्टा आवळला.

माती काळी, चिकण. त्यात शेणखत अजिबात नाही, नाही तर पाणी कुजते. निळी कुमुदिनी एका पसरट कुंडीत लावून वर वाळूचा थर दिला आणि कुंडी तळाशी ठेवली. रंगीत कुमुदांचे वेड असणाऱ्यांनी थंड हवेतही टिकणारे संकर घ्यावेत. ते प्रथम घडवले फ्रान्समधल्या लातूर-मार्लियाक नावाच्या गृहस्थाने. त्याचा आपल्या लातूरशी काही संबंध नाही, मी खात्री करून घेतली आहे. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याची फुले मांडली होती, आणि चित्रकार मोने याच्या बागेतली कुमुदे त्याच्याचकडून आलेली. आम्ही आपल्या निळीवरच थांबलो.

कमळ मात्र हवेच होते. गोंदियाच्या विद्यार्थिनीने गावच्या तलावातले सहा कमळगट्टे पाठवले. हे बी दगडासारखे असते. एका टोकाला कानशीने घासून आतला पांढरा गर दिसू द्यावा लागतो, नाही तर पाणी आत शिरतच नाही. याच टणकपणामुळे चीनमधल्या एका कोरड्या पडलेल्या तळ्यातले सुमारे १,३०० वर्षांचे बी शास्त्रज्ञांच्या हाती रुजले. माझ्या सहापैकी चार रुजले, एक टिकले. त्याला वेगळे गोल घमेले दिले, कारण कमळाचे कंद धावत सुटतात आणि कोपऱ्यात अडकून कुजतात.

मासे पालिकेच्या आरोग्य खात्याकडून आले. वीस गप्पी. यावेळी पाणी दोन दिवस उघडे ठेवले होते. गप्पी अंडी घालत नाहीत, पिल्लेच देतात, आणि अळ्या दिसल्या की सोडत नाहीत. पण ते मूळचे दक्षिण अमेरिकेचे, आपल्या ओढ्या-नाल्यांत सुटू नयेत. म्हणून पावसात पाणी बाहेर जाण्याच्या भोकाला बारीक जाळी बसवली. तिसऱ्या आठवड्यात पाणी हिरवेगार झाले. सेक्रेटरींसकट सगळ्यांनी पाणी बदला म्हणून सांगितले. बदलायचे नसते, बदलले की शेवाळाचा खेळ पहिल्यापासून सुरू. निम्मे पाणी पानांनी झाकेपर्यंत दम धरायचा. दीड महिन्याने तळ दिसू लागला. तोवर मी अंगणातून मान खाली घालून जात होतो. उन्हाळ्यात दिवसाला अर्धे बोट पाणी उडून जाते, म्हणजे रोज एक लहान बादली. ती मी आमच्या घरच्या पाण्यातून घालतो, हे सेक्रेटरींच्या माहितीसाठी.

आणि शुक्रवार. पालिका आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा म्हणते. आमच्या सोसायटीतल्या काही मंडळींना त्याचा भलताच अर्थ लागून धसका बसला होता. त्या दिवशी संध्याकाळी पाचवीतली ती मुलगी विजेरी आणि पांढरी वाटी घेऊन खाली उतरते. मी पाण्याच्या रेषेवरची कड घासतो, ती चार कोपऱ्यांतले पाणी वाटीत घेऊन बघते. पहिल्या शुक्रवारी माझे हात थरथरत होते. तिने वाटी बराच वेळ उजेडात धरली, मग पाणी परत ओतले आणि वहीत काहीतरी लिहिले. मला दाखवले नाही. तिच्या आईने वर गॅलरीतून पाहिले आणि दार लावून घेतले.

पावसाळा गेला. कमळाला फूल आले नाही. बियापासून केलेल्याला वेळ लागतो. पण ऑक्टोबरमध्ये पहिले पान पाणी सोडून वर उठले. मुलीने वाटीतले पाणी त्यावर ओतले, थेंब पाऱ्यासारखा मधोमध जाऊन थांबला. "परत," ती म्हणाली, आणि परत ओतले. मी मंडईतून नेहमीसारखी पूजेची कळी आणली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी समोरून फराळाचे ताट आले. वहिनी स्वतः आल्या होत्या. ताटाखाली ती वही होती. "तिने द्यायला सांगितली आहे, सरांनी तपासून सही करावी म्हणते," त्या म्हणाल्या. आत तारखांची ओळ होती, आणि प्रत्येक तारखेपुढे तेच: अळ्या ०. शेवटच्या शुक्रवारी जरा जास्त मजकूर होता. 'अळ्या ०. नवीन पिल्ले खूप. मोजली पण सारखी हलतात.'

मी लाल पेन शोधले.