खनिज नाही, म्हणून उद्योग नाही?

मराठवाड्याच्या मागासलेपणावर एक मत हल्ली फार ठामपणे मांडले जाते. उद्योग उभे राहतात ते कोळसा, लोखंड, बंदर असलेल्या संपन्न प्रांतांत; हिंगोलीसारख्या जिल्ह्याला निसर्गाने काळ्या मातीपलीकडे काही दिलेले नाही; सबब नरसी नामदेव या गावाने आषाढीनंतरच्या परतवारीला येणाऱ्या भाविकांवर पोट भरावे आणि शिकलेल्या पोरांनी पुणे गाठावे. असे म्हणणारे स्वतःला वास्तववादी म्हणवतात. मला हे मत अज्ञानाचे आणि त्याहूनही सोयीचे वाटते. दोष एकदा निसर्गाच्या माथी मारला की धोरण आखणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

जमिनीखाली धन असले की जमिनीवर सुबत्ता येते, हे गृहीतकच मुळात तपासायला हवे. झारखंडात झरियाचा कोळसा आहे, सिंहभूमचे लोहखनिज आहे, जमशेदपूरचे पोलाद शंभर वर्षांहून जुने आहे. तरी तिथला मजूर आजही कामासाठी आपल्या मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर येतो. असे का झाले? 1950 च्या दशकात केंद्राने मालभाडे समानीकरणाचे धोरण आणले. पोलाद कारखान्याच्या दारात घ्या की हजार मैलांवर, भाव एकच. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे चालले, आणि खाणीशेजारी कारखाना काढण्याचा फायदाच संपला. पोलाद तिकडचे, पण त्यापासून यंत्रे आणि गाड्या करणारे कारखाने बंदरांजवळच्या शहरांत. पुण्याच्या ज्या उद्योगांचे दाखले आम्हाला दिले जातात, त्यांच्या पायाखाली कुठे लोखंडाची खाण आहे? आपल्याच राज्यात पाहा. गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिज आहे आणि गडचिरोली राज्यातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत मोडतो. चंद्रपूरच्या कोळशावर 2920 मेगावॉटचे वीजकेंद्र चालते; वीज राज्यभर जाते, राख आणि धूर चंद्रपूरकडे राहतो. उलट इचलकरंजीच्या आसपास कापूस पिकत नाही, सूत बाहेरून येते, तरी ते गाव मागावर मोठे झाले. तेव्हा माल कुठे सापडतो यापेक्षा त्यावर प्रक्रिया कुठे होते आणि त्याचा भाव कोण ठरवतो, हाच निर्णायक प्रश्न आहे. इतके पुरावे समोर असताना जो खनिजाचेच तुणतुणे वाजवतो, त्याला अर्थशास्त्राचा जाणकार कसे म्हणावे?

आणि हिंगोलीकडे काही नाही हे तर धडधडीत खोटे आहे. हळदीत हा जिल्हा राज्यात अग्रेसर आहे. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले; हिंगोलीतले हळदीचे आवार संत नामदेवांच्याच नावाने ओळखले जाते. शेतकरी मे-जूनमध्ये बेणे लावतो, आठ-नऊ महिने जपतो, काढतो, शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो आणि हळकुंडाचे पोते आडतीवर टाकतो. पुढचे दळण, पॅकिंग, कुरकुमिन काढणे, औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांतले फारच थोडे इथे होते. इतके राबणाऱ्या लोकांना आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा हळद शिजवून पाहावी. पाण्याचे रडगाणेही अर्धवट आहे; पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर ही धरणे याच परिसरातली.

मग निजामाचा जुना वाद निघतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही त्या राजवटीत होतो, ती आम्हाला मागे ठेवून गेली, असे ऐकत आमच्या पिढ्या वाढल्या. त्यात तथ्य आहे. पण त्या एका कारणावर पाऊणशे वर्षे निभावून नेता येत नाहीत. निजामाबादही त्याच राजवटीत होते. आज हळदीचा वायदा निजामाबादच्या भावावर चालतो आणि 2025 च्या जानेवारीत राष्ट्रीय हळद मंडळही तिथेच बसले. 1953 च्या नागपूर कराराने आम्हाला आश्वासने मिळाली, 1984 साली विकासाचा अनुशेष मोजला गेला. मोजणीवरचे वाद पुष्कळ झाले, कारखाने मोजकेच आले.

परतवारीचा मी आदर करतो. नामदेवांची 61 पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत, पंजाबातून माणसे या कयाधू नदीकाठी येतात, ही आमची पुण्याई आहे. पण यात्रेच्या दिवसांवर गावाचे वर्ष निघत नाही. नरसी, हिंगोली, वसमत या पट्ट्यात शेतकरी कंपन्यांच्या मालकीची शिजवण आणि वाळवणीची केंद्रे हवीत, कुरकुमिन तपासणारी प्रयोगशाळा हवी, भाव पडला तर माल थांबवता यावा म्हणून गोदाम आणि त्या मालावर तारण कर्ज हवे. यासाठी कोळसा लागत नाही, बंदर लागत नाही. भांडवल आणि निश्चय लागतो. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हिंगोलीच्या मतदाराने एवढेच विचारावे: आमच्या हळदीची पूड आमच्या जिल्ह्यात कधी होणार, आणि त्यासाठी पैसा कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात धरला आहे?