झाकण उघडू नये

नरकचतुर्दशीच्या पहाटे साताऱ्याच्या घरी बंब पेटे, तेव्हा आम्हा दोघी बहिणींचे लक्ष अभ्यंगापेक्षा बंबाच्या तळाकडेच अधिक असे. सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या की आई त्या ऊन राखेत चार बटाटे पुरून ठेवी. फराळाची ताटे मांडून होईपर्यंत ते वरून काळे नि आतून पिठूळ झालेले असत. फुंकर घालून राख उडवायची, चटके सोशीत साल काढायची आणि मिठाची चिमूट टाकायची. चकली-कडबोळ्यांच्या दिवसांत हा बटाटाच आम्हाला जास्त रुचे, हे छापून मी समस्त सुगरणींचा रोष ओढवून घेत आहे, याची मला कल्पना आहे.

एरवी या सदरात मी शब्दांच्या गोष्टी सांगते. आज एका भांड्याची सांगणार आहे. शब्द मध्ये येतीलच. वीस वर्षे वर्गात बोलण्याची सवय काही सुटत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत मी अमेरिकेत, न्यू जर्सीतील एडिसन येथे, धाकट्या बहिणीकडे महिनाभर राहिले. आई आता तिच्याकडेच असते. वय 78. बहीण नि तिचे यजमान सकाळी सातला घर सोडतात, ते संध्याकाळी सहाला परततात. मी जाण्याच्या थोडे आधी आई शेगडीवर दूध ठेवून जपाला बसली आणि दूध विसरली. पातेले जळले, छतावरची धुराची घंटा कोकलू लागली, शेजारी धावत आले. त्या दिवसापासून आईला शेगडी बंद झाली. ती काही बोलली नाही. पण पन्नास वर्षे जिने पै-पाहुण्यांचे स्वयंपाक रेटले, ती आता दुपारी नावाच्या चिठ्ठ्या लावलेले डबे गरम करून खात होती. मी गेले त्या दिवशी मला म्हणाली, "इथे मला काही काम नाही गं. नुसती जेवते."

यावर उपाय म्हणून धाकटीने स्लो कुकर आणला. नावात कुकर असला तरी शिट्टीशी याचे काही नाते नाही. आत चिनीमातीचे जाड भांडे, त्याच्याभोवती विजेच्या तारेची मंद ऊब आणि वर काचेचे झाकण. वीज अडीचशे वॉटच्या आसपास, म्हणजे आपल्या गिझरपुढे अगदीच गरीब. ज्योत नाही, उतू जाणे नाही.

या भांड्याची जन्मकथा मी आईला सांगितली. शिकागोचे आयर्विंग नॅक्सन यांना त्याचे पेटंट 1940 मध्ये मिळाले. त्यांची आई लिथुआनियातल्या विल्ना गावची. तिथल्या ज्यू घरांत शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी सांजावण्यापूर्वी कडधान्याचे नि मांसाचे भांडे भटारखान्यात नेऊन ठेवायचे. निवत चाललेल्या भट्टीच्या धगीवर ते रात्रभर शिजे. नॅक्सन यांच्या आजीची ही गोष्ट आईने मुलाला सांगितली आणि मुलाने विजेची भट्टी केली. पुढे 1971 मध्ये ते 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आले आणि नोकरीवर जाणाऱ्या अमेरिकन बायकांनी ते उचलून धरले. आईने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे त्या आजीचंही भांडं दुसऱ्याच्याच चुलीवर!"

मी खिडकीबाहेर पाहू लागले.

पहिला पदार्थ ठरला बटाटा. एकादशी होती, आईचा उपास. अमेरिकेत यासाठी रसेट नावाचा लांबट, खरबरीत सालीचा बटाटा घेतात. त्यात पिष्ट अधिक, म्हणून तो शिजल्यावर चिकट न होता भुगभुगीत फुटतो. बटाटे घासून धुवायचे, कोरडे पुसायचे, काट्याने पाच-सहा ठिकाणी टोचायचे, तेल-मीठ चोळायचे आणि भांड्यात रचायचे. पाण्याचा थेंब नाही. मंद आचेवर आठ तास.

संध्याकाळी पाहतो तो बटाटे दगड! यंत्र बिघडले म्हणावे तर भांडे चांगले गरम होते. खोदून विचारल्यावर कळले, आईने दिवसभरात नऊ-दहा वेळा झाकण काढून पाहिले होते. या भांड्याची धग इतकी बेताची, की एकदा झाकण उघडले की निसटलेली ऊब भरून यायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. धाकटीने त्याच रात्री ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: 'आई, झाकण उघडू नये.'

"ज्याचं झाकण उघडायचं नाही, तो कसला स्वयंपाक?" आई पुटपुटली. मला मनातून ते पटले होते. पण मी परीक्षकाचा चेहरा केला.

दुसऱ्या खेपेस धाकटीने बटाटे फॉइलमध्ये गुंडाळून लावले आणि ते उत्तम झाले. साल मात्र मऊच राहिली; वाफ आतल्या आत कोंडल्यावर ती कुरकुरीत होणार कशी? त्यासाठी शेवटी दहा मिनिटे कडक भट्टीत ठेवावे लागतात. याला भाजलेला म्हणावे की उकडलेला, असा माझा मास्तरी प्रश्न. आईने निकाल दिला, "दोन्ही नव्हे. हा आपल्याच घामात शिजलाय." बटाटा हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला, पण त्याच्यासाठी असे क्रियापद आमच्या कोशांत नाही.

खरा प्रसंग नंतर घडला. उरलेले चार बटाटे आईने फॉइलसकट रात्रभर ओट्यावर ठेवले, सकाळच्या भाजीसाठी. धाकटीने ते पाहिले आणि आईच्या देखत कचऱ्यात टाकले. आई त्या दिवशी जेवली नाही. "अन्न टाकलंस," एवढेच म्हणाली.

धाकटीचे चुकले नव्हते. जमिनीतल्या एका जंतूची बीजे बटाट्याच्या सालीवर असतात आणि ती भाजून मरत नाहीत. फॉइलमध्ये ओलावा टिकतो, हवा पोहोचत नाही. तसा बटाटा बाहेर राहिला तर ती रुजून बोट्युलिझमचे जहाल विष तयार होऊ शकते. 1994 मध्ये टेक्ससमधल्या एल पासो येथे, असे बाहेर राहिलेले बटाटे घालून केलेल्या पदार्थाने 30 माणसे आजारी पडली होती. म्हणून उरलेला बटाटा फॉइल काढून लगेच फ्रीजमध्ये ठेवायचा. धाकटीने हे एका शब्दानेही न सांगता थेट कचऱ्याचा डबा उघडला, तेवढे मात्र चुकले.

रात्री मी आईजवळ बसून सारे समजावले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंत? मला विसरायला होतं. अक्कल नाही गेली माझी." दारात धाकटी उभी होती. ती आत आली नाही, पण गेलीही नाही.

सकाळी आईने फॉइलची गुंडाळी फडताळात टाकून दिली. "राखेत घालताना कुठे कागद बांधत होते मी?" तेल चोळलेले उघडे बटाटे तिने स्वतः रचले आणि बटण फिरवले. चिठ्ठीखाली तिच्या तिरप्या अक्षरांत ओळ आली: 'सव्वासातला लावले. उघडलेले नाही.' दिवसभर ती समोर खुर्ची टाकून पोथी वाचत बसली. काचेवर घाम जमला की डोकावून पाही, हात लावत नसे. दुपारी तीनच्या सुमारास वास सुटला, तेव्हा मला हाक मारून म्हणाली, "आता मध्यावर आला."

संध्याकाळी बटाटे उलगडले, वर तूप, जिरे, मिरची, दाण्याचे कूट. धाकटी बूटही न काढता ओट्याशी उभी राहून हाताने खात होती.

मी परत निघाले त्या सोमवारी भांड्यावर नवीच चिठ्ठी होती. अक्षर आईचे, आणि उद्देशून कोणाला, ते सांगायला नको: 'सहाला येशील. मी जरा पडले आहे. झाकण उघडू नये.'