विश्लेषण : मनाचा आजार मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसतो का?

‘एमआरआय नॉर्मल आहे, म्हणजे तुला काही झालेलं नाही.’ नैराश्याच्या अनेक रुग्णांना घरात हे ऐकावे लागते. ते चूक का आहे?

मनाचे आजार मेंदूच्या एखाद्या बिघडलेल्या जागी सापडत नाहीत. मेंदूचे दूरदूरचे भाग जाळ्यांसारखे एकत्र काम करतात. आपण स्वस्थ बसलेले असताना सक्रिय होणाऱ्या जाळ्याला ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हणतात. अमेरिकी संशोधक मार्कस रायकल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही संकल्पना मांडली. स्वतःविषयीचे विचार, जुन्या आठवणी यांच्याशी हे जाळे निगडित आहे. दुसरे जाळे हातातल्या कामावर लक्ष टिकवते, तर तिसरे महत्त्वाचे काय ते निवडते. या तिघांचा ताळमेळ बिघडणे अनेक मानसिक आजारांशी संबंधित असावे, अशी मांडणी स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विनोद मेनन यांनी २०११ मध्ये केली.

मग स्कॅनवरून निदान का होत नाही? कारण साध्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते, जाळ्यांचे काम नाही. ते टिपणाऱ्या ‘फंक्शनल एमआरआय’मध्येही फरक दिसतात ते मुख्यतः गटांच्या सरासरीत. २०२० मध्ये ७० संशोधक गटांनी एकाच स्कॅन-माहितीचे विश्लेषण केले, तेव्हा निष्कर्षांत मोठी तफावत आढळली.

डॉक्टर एमआरआय सांगतात तो गाठ, पक्षाघात अशा शक्यता तपासण्यासाठी. मानसिक आजाराचे निदान आजही रुग्णाशी बोलूनच होते. म्हणून नॉर्मल रिपोर्ट दाखवून रुग्णाला गप्प करू नका. त्याचे ऐका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.